होळीनंतर मित्र कोळी का गायब होतात? पॉलिहाऊसमधली उष्णता, वाळलेली अंडी आणि त्यावरचे उपाय

तक्रार दरवर्षी साधारण एकाच सुमारास येते. व्हॅलेंटाइनची तोडणी संपते, गुलाबाला नवी फूट येते, जानेवारीत बाटलीतून सोडलेले मित्र कोळी (लाल कोळी या रस शोषणाऱ्या किडीला खाणारे कोळी) फेब्रुवारीभर चांगलं काम करतात आणि मार्च सरता सरता मावळापासून नाशिकपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं: "लाल कोळीनं जाळी धरलीय, आणि सोडलेली मित्र माइट औषधालाही दिसत नाही." मग आणखी बाटल्या मागवल्या जातात. त्याही आठवड्याभरात नाहीशा होतात. शेवटी अ‍ॅबामेक्टिन या कोळीनाशकाचा पंप निघतो आणि उरलेसुरले मित्रही जातात.

यात बहुतेक वेळा दोष बाटलीचा नसतो. उन्हानं सगळे मित्र कोळी एका दुपारी मरून पडतात, असंही होत नाही. प्रौढ माद्या जिवंत असतात, पण अंडी घालणं कमी करतात किंवा थांबवतात. जी घालतात ती फुटण्याआधीच वाळतात. म्हातारे संपतात आणि मागून कुणी येत नाही. म्हणून नवीन बाटली ओतण्याआधी अंड्यांकडे बघायला हवं. आपण मात्र चालणारे कोळी मोजत बसतो.

आधी खात्री करा: उष्णता, औषध की उपासमार?

दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि पानाची खालची बाजू बघा. लाल कोळीची अंडी गोल, मोत्यासारखी असतात. मित्र कोळ्याची अंडी लांबट गोल आणि त्याहून मोठी, बहुतेक शिरेजवळ किंवा जाळीच्या धाग्यांत अडकवलेली. ताजं अंडं टपोरं आणि चकचकीत दिसतं. एका बाजूनं बसलेलं, सुरकुतलेलं अंडं दिसलं तर ते वाळलंय. माद्या फिरतायत पण अंडी नाहीत, किंवा आहेत ती सुरकुतलेली, तर संशय उष्णता आणि कोरड्या हवेवर धरा.

औषधाचा फटका वेगळा दिसतो. तो सगळ्या अवस्थांना आणि सगळ्या कोपऱ्यांत सारखा बसतो. फॅन-पॅडचं (एका टोकाला ओले पॅड, दुसऱ्या टोकाला पंखे) पॉलिहाऊस असेल तर पॅडच्या बाजूची आणि पंख्याच्या बाजूची पानं शेजारी ठेवून बघा. पॅडकडची हवा थंड आणि ओलसर असते, पंख्याकडे पोचेपर्यंत ती तापते. पॅडकडे मित्र कोळी अंड्यांसकट सुखरूप आणि पंख्याकडे शुकशुकाट असेल तर कारण उष्णता. दोन्हीकडे सारखाच शुकशुकाट असेल तर मागच्या दीड-दोन महिन्यांची फवारणीची वही काढा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांचा अंश पानांवर कित्येक आठवडे मित्र कोळ्यांना नडतो. भुरीसाठी वापरलेलं गंधकही विसरू नका, आणि कडक उन्हात त्याचा त्रास वाढतो. नैसर्गिक वायुवीजनाच्या पॉलिहाऊसमध्ये हीच तुलना वरचा शेंडा आणि खालचं बेंडिंग (वाकवलेल्या फांद्यांचा थर) यांच्यात करता येते.

उपासमार ओळखणं सोपं आहे: लाल कोळीही नाही, मित्रही नाही. ही तक्रार नव्हे.

अजून शंका असेल तर दोन डब्यांची चाचणी करा. मित्र कोळ्याची टपोरी अंडी असलेली पानं तोडून झाकणाच्या डब्यात ओल्या कापसावर ठेवा आणि डबा घरातल्या थंड खोलीत ठेवा. तशाच अंड्यांची दुसरी पानं झाडावरच खूण करून सोडा. २५ अंशांच्या आसपास अंडं साधारण दोन-तीन दिवसांत फुटतं. डब्यात पिल्लं निघाली आणि झाडावरची अंडी वाळली, तर माल चांगला होता, तुमची दुपार वाईट होती. हा पुरावा घेऊन पुरवठादाराशी बोललात तर वादही लवकर मिटतो.

माल घेतानाची तपासणीही सांगून ठेवतो, कारण काही वेळा उष्णतेचा फटका वाटेतच बसलेला असतो. बाटली कुरियरच्या गोदामात किंवा गाडीच्या पुढच्या काचेमागे दुपारभर राहिली असेल तर आतले कोळी तुमच्यापर्यंत पोचण्याआधीच खचलेले असतात. बाटली हाती येताच चिमूटभर भुसा (कोळी त्यातच मिसळलेले असतात) पांढऱ्या कागदावर ओता आणि सावलीत काही मिनिटं थांबा. चांगला कोळी लांब पायांवर भराभर पळतो. रेंगाळणारे आणि पाय आखडलेले जास्त दिसले तर तिथेच फोटो काढून कळवा.

त्या शरीरात नेमकं काय बिघडतं?

मित्र कोळी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. एवढ्याशा जिवाला स्वतःचं असं तापमान नसतं. पान ३८ अंशांवर गेलं की मिनिटभरात कोळीही ३८ वर. शिवाय शरीर जितकं लहान, तितका आतल्या पाण्याच्या मानानं कातडीचा पसारा मोठा, म्हणून पाणी झपाट्यानं उडतं. अंगावरचा मेणाचा पातळ थर हे पाणी अडवतो, पण तापमान चढलं की तो थर सैल पडतो. त्यातच शरीराचा कारभार वेगानं चालू लागतो. ढोबळमानानं दर दहा अंशांना श्वसन दुप्पट होतं, श्वासाची छिद्रं जास्त उघडी राहतात आणि त्यातूनही वाफ जाते.

प्रौढ मादीला यातून एक वाट असते. ती लाल कोळीचा रस शोषते, म्हणजे अन्न आणि पाणी एकाच वेळी मिळतं. दवाचा थेंबही पिते. अंड्याला ही सोय नाही. ते खात नाही, पीत नाही, सरकत नाही. आईनं दिलेलं पाणी पिल्लू बाहेर येईपर्यंत पुरलं तर पुरलं. म्हणून सगळ्या अवस्थांत अंडं सर्वांत नाजूक. फायटोसेयुलस पर्सिमिलिस या सर्वांत जास्त अभ्यासलेल्या जातीत तर अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लूही काही खात नाही. पुढची कात टाकल्यावरच ते शिकारीला लागतं. म्हणजे अंडं आणि पहिली अवस्था मिळून सगळा काळ त्याच शिदोरीवर काढायचा. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली गेली की या जातीची अंडी फुटण्याचं प्रमाण घसरायला लागतं, आणि तापमान ३५ च्या पुढे टिकून राहिलं तर ती फुटतच नाहीत.

इथे टक्क्यांचा आकडा फसवतो. २५ अंशांवर ६० टक्के आणि ३६ अंशांवर ६० टक्के या दोन वेगळ्या हवा आहेत. हवा पाणी किती जोरानं ओढते ते बाष्पदाबाच्या तुटीवर ठरतं, ज्याला ग्रीनहाऊसवाले व्हीपीडी म्हणतात. २५ अंश आणि ६० टक्क्यांना ती तूट सुमारे १.३ किलोपास्कल भरते. त्याच ६० टक्क्यांना ३६ अंशांवर ती जवळपास २.४ होते. आणि एप्रिलातल्या पुण्याकडच्या दुपारी, ३८ अंश आणि २५ टक्क्यांना, ती ५ च्या घरात जाते. म्हणजे अंड्यातून पाणी ओढणारा जोर चौपट. २५ अंशांवरच्या ६० टक्क्यांची बरोबरी करायला ३० अंशांवर ७० टक्के आणि ३४ अंशांवर ७५ टक्क्यांहून थोडी जास्त आर्द्रता लागते. बाटलीवर "६० टक्के पुरे" असं लिहिलं असेल तर ते २५ अंशांच्या हवेसाठी आहे असं समजा.

मादी जगते म्हटलं, पण जगण्याची किंमत मोजून. उष्णतेनं पेशींतल्या प्रथिनांच्या घड्या उलगडायला लागतात. त्या सावरायला शरीर उष्णता-आघात प्रथिनं तयार करतं. एचएसपी ७० आणि एचएसपी ९० ही त्यांतली नेहमीची नावं. शिवाय तापलेल्या पेशीत ऑक्सिजनचे दाहक अणुरेणू वाढतात, ते निववायला सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज यांसारखी विकरं कामाला लागतात. हे सगळं फुकट होत नाही. त्याला लागणारी अमिनो आम्लं आणि ऊर्जा त्याच पोतडीतून येते जिच्यातून अंड्याचा बलक बनतो. थंड-ओलसर हवेत पर्सिमिलिसची मादी दिवसाला चार-पाच अंडी घालते, आणि एकेक अंडं तिच्या देहाच्या मानानं भलं मोठं असतं. दुरुस्तीचा खर्च वाढला की पहिली कात्री लागते ती या अंड्यांना. तुम्हाला भिंगाखाली चालणारी, ठणठणीत वाटणारी मादी दिसते. तिचा पाळणा मात्र बंद झालेला असतो.

नराचं गणित कुणी विचारात घेत नाही, म्हणून त्यावर थोडं थांबतो. लाल कोळीची मादी नराशिवायही अंडी घालते. त्यातून फक्त नर निघतात, पण वंश थांबत नाही. मित्र कोळ्यांच्या या कुळात तसं नाही. मिलन झाल्याशिवाय मादी अंडंच घालत नाही. आणि शुक्रजंतू हे उष्णतेला लवकर बळी पडतात, हे कीटक-कोळ्यांच्या जगात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. तापलेल्या आठवड्यात नर कमी पडले, किंवा असून निकामी झाले, तर नव्यानं वयात आलेल्या माद्या नुसत्या खात राहतात.

आता समोरचा गडी बघा. लाल कोळी, म्हणजे टेट्रानिकस अर्टिसी, पानाच्या पेशी फोडून रस पितो. त्याच्याकडे पाणी इतकं असतं की जास्तीचं बाहेर टाकणं हीच त्याची अडचण. कोरडी हवा त्याला मदतच करते. त्याला ३० ते ३२ अंश सर्वांत मानवतात. २० अंशांच्या आसपास पर्सिमिलिसची पिढी लाल कोळीच्या जवळपास दुप्पट वेगानं पुरी होते, म्हणून हिवाळ्यात मित्र जिंकतो. ३० अंशांवर हा फरक फार उरत नाही: मित्राला सुमारे पाच दिवस, शत्रूला सुमारे सात. त्यापुढे मित्र मागे पडतो आणि शत्रू धावतच राहतो. तुमच्या पॉलिहाऊसमध्ये मार्चअखेर बदलतो तो हा हिशेब.

अजून एक: पैदास केंद्रात हे कोळी वर्षभर २५ अंशांच्या आसपास, दमट खोलीत वाढलेले असतात. थोडी थोडी उष्णता आधी सोसलेला जीव मोठा चटका बरा सोसतो. यांना ती सवय नसते आणि आपण त्यांना दुपारी एक वाजता तापल्या पानावर झटकतो. निवडीनं उष्णता सोसणारे वाण तयार करता येतात, चीनमध्ये निओसेइयुलस बार्केरीवर तसं काम झालं आहे. पण आपल्या बाजारात येणारी बाटली तशी नाही असंच धरून चाला.

तापमान कुठे मोजताय?

खांबाला डोक्याच्या उंचीवर टांगलेला, ऊन लागणारा थर्मामीटर मित्र कोळ्यांबद्दल काहीच सांगत नाही. तापमान आणि आर्द्रतेची नोंद ठेवणारा साधा डिजिटल सेन्सर पिकाच्या आत, पानांच्या सावलीत लावा; एक शेंड्याच्या उंचीला, एक बेंडिंगमध्ये. दुपारी दोनच्या सुमाराचा आकडा लिहून ठेवा. जमलं तर इन्फ्रारेड थर्मामीटरनं पानाचं तापमान घ्या. हजार-दोन हजारांचं साधन आहे, पण डोळे उघडतात.

पाणी व्यवस्थित मिळालेलं पान घाम गाळल्यासारखं बाष्प सोडतं आणि आसपासच्या हवेपेक्षा काही अंश थंड राहतं. त्याच्या खालच्या बाजूला ओलसर हवेचा पातळ थर असतो. मित्र कोळी राहतात ते त्या थरात. झाडाला ताण बसला, मुळं खराब झाली किंवा ड्रीपची एखादी नळी चोंदली की पर्णरंध्रं मिटतात, पान हवेपेक्षा गरम होतं आणि तो थर नाहीसा होतो. लाल कोळीचे पहिले ठिपके नेहमी त्याच कोरड्या ओळीत, त्याच टोकाच्या झाडांवर का येतात याचं उत्तर बहुतेकदा ड्रीपच्या नळीत सापडतं.

काय करायचं

गरज आहे ती दुपारचे चार-पाच तास सावरण्याची. रात्र आपोआप मदत करते. रात्री तापमान २५ च्या खाली येत असेल तर शरीराला दुरुस्तीला वेळ मिळतो. म्हणून पडदे आणि वरच्या खिडक्या संध्याकाळी लवकर उघडून साठलेली ऊब बाहेर काढा.

पाणी आधी. उन्हाळ्यात एकदम मोठं पाणी देण्यापेक्षा अकरा ते तीनच्या दरम्यान थोडं थोडं, अनेकदा द्या. पान थंड ठेवण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही. त्यानंतर सावली: ५० टक्क्यांची शेडनेट किंवा परावर्तक पडदा, किंवा छपराला चुन्याचा हात. प्रकाश कमी झाला तर फुलाचा दांडा बारीक होतो ही भीती रास्त आहे, म्हणून पडदा दिवसभर न ठेवता अकरा ते चार ओढा.

फॉगर लहान लहान झटक्यांत चालवा, खिडक्या उघड्या ठेवून. हवा कोरडी असेल तरच फॉगर भरपूर थंडावा देतो; घाटमाथ्यावर आणि नाशिक-पुण्याकडे तो जितका उपयोगी, तितका कोकणातल्या दमट हवेत नाही. चारनंतर बंद करा, म्हणजे पानं आणि पाकळ्या रात्रीच्या आत सुकतात. नाहीतर लाल कोळी आवरताना करपा, बोट्रायटिस आणि केवडा घरात घ्याल. पाणी जड असेल तर नोझल चोंदतात आणि पानांवर पांढरे डाग पडतात, तेव्हा गाळणी आणि पाण्याची तपासणी आधीच करा.

गुलाबवाल्यांच्या हातात एक मोठा फायदा आहे आणि त्याकडे कुणी त्या नजरेनं बघत नाही: बेंडिंग. वाकवलेल्या फांद्यांचा तो दाट, सावलीचा, ओलसर थर म्हणजे मित्र कोळ्यांचं आश्रयस्थान. उष्णता वाढली की ते खाली, थंड पानांकडे सरकतात. लाल कोळी त्याच वेळी शेंड्याकडे चढतो. मग वर बघणाऱ्याला वाटतं मित्र संपले. मार्च-एप्रिलमध्ये बेंडिंग खरवडून साफ करू नका, जुनी पानं एकदम काढू नका, आणि कोळीनाशक मारायचंच असेल तर शेंड्यावर मारून बेंडिंग वाचवा. जरबेऱ्यात जमिनीलगतची पानं हेच काम करतात. ढोबळी मिरचीत खालची पानं काढण्याची घाई असते. ती एप्रिलमध्ये थोडी आवरा.

सोडण्याची वेळ संध्याकाळची, ऊन उतरल्यावर. रात्रभरात ते पानाखाली जागा शोधतात. त्याआधी एक-दोन दिवस जाळी धरलेल्या झाडांच्या पानांखाली पाण्याचा जोरदार फवारा मारून लाल कोळी आणि जाळं धुऊन काढा, म्हणजे मित्रांवरचा भार हलका होतो. एका मित्रामागे दहा लाल कोळी हे ढोबळ प्रमाण जगभर वापरतात. उन्हाळ्यात माझा आग्रह असा, की त्याहून दाट सोडा, पण सगळ्या घरात न उधळता फक्त ठिपक्यांवर आणि त्यांच्या भोवतालच्या झाडांवर. एकदम मोठी बाटली आणण्यापेक्षा आठवड्याला लहान बाटल्या बऱ्या. मालाचा साठा करायचाच असेल तर ८ ते १० अंशांवर, बाटली आडवी ठेवून, एक-दोन दिवस. घरच्या फ्रीजच्या मागच्या कप्प्यात नव्हे.

जातीचं म्हणाल तर बाटलीवरचं नाव वाचा. पर्सिमिलिसची कारकीर्द चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडांवर १९५८ मध्ये तो सापडला तेव्हापासून सुरू झाली आणि त्याच्यावरचा बराचसा सल्ला उत्तर युरोपातल्या काचघरांतून आलेला आहे. तिथली "कडक उन्हाची सूचना" आपल्या फेब्रुवारीला लागू पडते. निओसेइयुलस कॅलिफोर्निकस उष्णता आणि कोरडेपणा त्याहून बरा सोसतो, आणि लाल कोळी कमी असताना परागकणांवरही तग धरतो. मात्र तो सावकाश काम करतो. आपल्याकडचा देशी निओसेइयुलस लॉन्जिस्पिनोसस इथल्या पिकांवर आपणहून सापडतो, आणि उन्हाळ्यासाठी मी त्यालाच पहिली पसंती देईन. त्याच्या माहितीसाठी बंगळुरूच्या एनबीएआयआरकडे (राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो) किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे विचारा. कुणी परदेशी जात "परस्पर आणून देतो" म्हणालं तर परवानगीचा कागद मागा. मित्रकीटकांची आयात २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाखाली येते.

कधी थांबायचं

सगळं करूनही बेंडिंगमधला दुपारचा आकडा सलग दिवस ३६-३७ च्या खाली येत नसेल आणि दोन डब्यांच्या चाचणीत झाडावरची अंडी वाळतच असतील, तर बाटल्यांवर पैसे घालणं थांबवा. मे महिना पाण्याचे फवारे, जाळी धरलेल्या फांद्यांची छाटणी आणि मित्रांना तुलनेनं कमी इजा करणारं कोळीनाशक यांवर काढा. हेक्झिथायझॉक्स हे त्यातलं एक. ते अंडी आणि पिल्लांवर चालतं, प्रौढांवर नाही, म्हणून परिणाम दिसायला वेळ लागतो. लेबलवर तुमचं पीक आहे का ते बघूनच वापरा आणि एकच औषध पुन्हा पुन्हा मारू नका, लाल कोळी फार लवकर पचवतो. जूनमध्ये हवा ओलावली की मित्र पुन्हा सोडायला सुरुवात करा.

पुरवठादाराला किंवा कृषी विज्ञान केंद्राला फोन करताना एवढं हाताशी असू द्या: बेंडिंगमधलं दुपारी दोनचं तापमान आणि आर्द्रता, बाटलीवरचं जातीचं नाव आणि तारीख, मागच्या सहा आठवड्यांतल्या फवारण्या, आणि दहा पानांमागे मित्र कोळ्याची टपोरी अंडी किती, वाळलेली किती.